आकाशगंगेच्या बाहेर कोणी गेलंच नाही, मग तिचा नकाशा काढला कोणी?

केळीबाग_रावेर
राम राम मंडळी. प्रश्न माझ्या मुलीचा आहे. ती यंदा दहावीत गेली.

सध्या आमच्याकडे पंपाची वीज रात्रीची आहे. वैशाखात केळीला पाणी चुकवून चालत नाही, म्हणून मी बागेवरच मुक्कामाला असतो. शनिवारी तीपण आली. मोटार सुरू करून बांधावर बाज टाकली आणि पडलो. मध्यरात्र उलटली होती. दक्षिणेला विंचवाचा आकडा पूर्ण वर आलेला आणि त्याच्या शेजारून आकाशगंगेचा पट्टा, अगदी दूध सांडल्यासारखा. ती म्हणाली, "पप्पा, पुस्तकात आकाशगंगा भोवऱ्यासारखी गोल काढलीय, तिला वळलेले हात आहेत, आणि एका हातावर 'आपण इथे' असा बाण आहे. इथून तर नुसता पट्टा दिसतो. तो फोटो कुणी काढला?"

मी म्हटलं, उपग्रहाने. ती म्हणाली, "तो किती लांब गेला होता?"

सकाळी शोधलं. १९७७ साली सुटलेलं व्हॉयेजर-१ यान आत्ता कुठे एक प्रकाशदिवसाच्या, म्हणजे प्रकाश एका दिवसात जेवढं जातो तेवढ्या अंतराच्या आसपास पोहोचलंय. आणि आकाशगंगा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे एक लाख प्रकाशवर्षं. म्हणजे फोटो शक्यच नाही. मुलीला मी चुकीचं सांगितलं, ते मला दुरुस्त करायचंय. मग हे हात कोणी पाहिले? किती आहेत? आणि खात्रीने आहेत का?

आणखी एक. हाच पट्टा थंडीत मृगाच्या बाजूला अगदी फिका दिसतो, उन्हाळ्यात विंचवाकडे जाड. हे मी लहानपणापासून बघतोय. याचा काही संबंध आहे का?

तापीकाठ
भाऊ, मी बीएस्सी आहे आणि हा प्रश्न मला कधी पडला नाही. धागा वाचतोय.

शिरपूरकर
फोटो आहे की. नासाचा. गूगलवर टाका, शंभर येतील.

धुळे_भौतिकी
शिरपूरकर, ते फोटो नाहीत. सगळ्यात जास्त फिरणारं चित्र स्पिट्झर दुर्बिणीच्या मोजणीवरून २००८ साली चित्रकाराने काढलेलं आहे. काही ठिकाणी तर चक्क दुसऱ्याच एखाद्या दीर्घिकेचा, म्हणजे आकाशगंगेसारख्याच दुसऱ्या तारासमूहाचा फोटो आपली आकाशगंगा म्हणून छापतात. आपल्या आकाशगंगेचा बाहेरून काढलेला एकही फोटो अस्तित्वात नाही आणि आपल्या हजार पिढ्यांतही मिळणार नाही.

केळीबागवाले भाऊ, उत्तर देण्याआधी मीच तुम्हाला विचारतो. समजा तुम्ही तुमच्या बागेच्या मध्ये एका खोडाला बांधलेले आहात. हलायचं नाही, ड्रोन नाही. बागेचा नकाशा कसा काढाल? कुठे ओळी आहेत, कुठे नांग्या पडल्यात, बाग कुठे संपते?

केळीबाग_रावेर
सर, विचार केला. नुसतं बघून जमणार नाही. पाच बाय पाचवर लागण आहे, दोन-तीन ओळींपलीकडे पानंच पानं. पण बांधलेला असलो तरी मान इकडे-तिकडे हलवता येईल ना? मान हलवली की जवळचं खोड जास्त सरकतं, लांबचं कमी. त्यावरून कोणतं किती लांब ते लागेल. सगळ्या खोडांची अंतरं आणि दिशा लिहून काढल्या की कागदावर ठिपके मांडायचे. ओळी आपोआप उभ्या राहतील.

पण पानांच्या आडचं काय, ते नाही सुचलं.

धुळे_भौतिकी
भाऊ, तुम्ही जे लिहिलंत तीच खरी पद्धत आहे आणि तुम्ही ती स्वतः काढलीत. याला पराशय म्हणतात. आपली मान म्हणजे पृथ्वी. जानेवारीत ती सूर्याच्या एका बाजूला असते, जुलैत दुसऱ्या. ही मान तीस कोटी किलोमीटर हलते, त्यामुळे जवळचे तारे लांबच्यांच्या मानाने किंचित सरकलेले दिसतात. युरोपचं गाया यान डिसेंबर २०१३ मध्ये याच कामासाठी सोडलं. जानेवारी २०२५ पर्यंत ते मोजत होतं. २०२२ साली त्याची जी यादी प्रसिद्ध झाली तिच्यात १८० कोटींच्या वर तारे आहेत. तुमचे ठिपके, तेवढे.

पानांच्या आडचं मी लिहितो, पण आधी विचारतो. रात्री शेजारच्या बागेत मोटार चालू आहे हे तुम्हाला कसं कळतं?

केळीबाग_रावेर
आवाजावरून. कोणाची मोटार कोणत्या दिशेला तेही कळतं.

धुळे_भौतिकी
तेच. आकाशगंगेत पानांच्या जागी धूळ आहे. विंचवाजवळ पट्ट्याच्या मधोमध काळे डाग दिसतात ना, तिथे तारे नाहीत असं नाही, धूळ आड आली आहे. डोळ्यांना दिसणारा प्रकाश तिथे अडतो, रेडिओलहरी आरपार येतात. आणि निसर्गाने सोय अशी केलीय की थंड हायड्रोजन वायू स्वतःच २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर सोडतो. हे नेदरलँड्समध्ये व्हॅन डे हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये, युद्ध चालू असताना, कागदावर सांगितलं. मार्च १९५१ मध्ये हार्वर्डला इवेन आणि पर्सेल यांनी ती लहर प्रत्यक्ष पकडली. त्यांचा अँटेना म्हणजे लाकूड आणि तांब्याचा पत्रा यांचं मोठं नरसाळं, प्रयोगशाळेच्या खिडकीतून बाहेर काढलेलं. पाऊस आला की पाणी थेट आत.

आता अंतर. तुमच्या रावेरवरून भुसावळ-खंडवा लाइन जाते. गाडी येताना शिट्टी बारीक ऐकू येते, पुढे गेली की जाड. हायड्रोजनचा ढग जवळ येतोय की लांब जातोय हे तसंच त्याच्या लहरीच्या बदललेल्या लांबीवरून कळतं. आकाशगंगा कशी फिरते ते माहीत असलं की वेगावरून जागा काढता येते. ऊर्ट, कर आणि वेस्टरहाउट यांनी १९५८ मध्ये असा संपूर्ण नकाशा छापला. चुका भरपूर होत्या, कारण सगळे ढग नीट गोल कक्षेत फिरतात असं धरलेलं, आणि तसे ते फिरत नाहीत. पण वळलेले पट्टे त्यात दिसले.

चाळीसगावची_अनुराधा
सर, छान. पण रेडिओवाल्यांचा हा नकाशा येण्याआधी साध्या दुर्बिणीवाल्यांनी हात पकडले होते, ते राहायला नको. विल्यम मॉर्गन यांनी शार्पलेस आणि ऑस्टरब्रॉक या दोन विद्यार्थ्यांना घेऊन फक्त अतिशय तापलेले निळे तारे आणि त्यांच्यामुळे उजळलेले वायूचे ढग निवडले. दुसऱ्या दीर्घिकांच्या फोटोत हेच निळे तारे हातांवर माळेसारखे दिसतात, म्हणून आपल्याकडेही तेच शोधायचे. अंतरं मांडली तर तीन तुकडे निघाले. एक मृगाकडचा, ज्यात आपण आहोत. एक ययाती या तारकासमूहाकडचा, बाहेरच्या बाजूला. एक धनूकडचा, आतल्या बाजूला. डिसेंबर १९५१ मध्ये क्लीव्हलंडच्या सभेत त्यांनी हे मांडलं तेव्हा लोकांनी टाळ्या तर वाजवल्याच, पायही आपटले. मला ही गोष्ट फार आवडते. १८४५ मध्ये आयर्लंडच्या लॉर्ड रॉस यांनी दुसऱ्या एका दीर्घिकेत पहिल्यांदा भोवरा पाहिला, आणि आपण स्वतः भोवऱ्यात बसलोय हे दाखवायला त्यानंतर शंभरावर वर्षं लागली.

नंदनगरी
हे सगळं आपल्या पूर्वजांना माहीत होतं. चाळीसगावजवळ पाटण्याला भास्कराचार्यांचा शिलालेख आहे. परदेशी लोकांनी नंतर शोधलं.

चाळीसगावची_अनुराधा
दादा, पाटणादेवी माझ्या माहेरापासून अर्ध्या तासावर, तिथला लेख मी अनेकदा पाहिलाय. तो भास्कराचार्यांनी कोरलेला नाही. त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ सुरू केला, त्याच्या दानाचा तो लेख, शके ११२८ मधला. शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, कोणी किती द्यायचं त्याचा. गावाने गणित शिकवण्यासाठी धान्य आणि तेल लावून दिलं, आठशे वर्षांपूर्वी, आपल्या खान्देशात! मला त्याचा अभिमान वाटतो आणि तो पुरेसा आहे. आकाशगंगेच्या हातांबद्दल त्या लेखात काही नाही. भास्कराचार्यांचं मोठेपण सिद्ध करायला त्यांच्या तोंडी न म्हटलेलं घालायची गरज नाही.

नंदनगरी
ताई, लेख स्वतः वाचलेला नव्हता. धान्य-तेलाचं माहीत नव्हतं. पुढच्या वेळी मुलांना घेऊन जातो.

जळगाव_एमआयडीसी
आमच्या गच्चीवरून तर सप्तर्षीसुद्धा मोजून घ्यावे लागतात. आकाशगंगा मी शेवटची पाहिली तोरणमाळला, पाच वर्षं झाली. उन्हाळ्यात गच्चीवर झोपणारी शेवटची पिढी आमचीच असावी, कूलर आले आणि सगळे खाली गेले.

तापीकाठ
यावल अभयारण्याच्या बाजूला, पालकडे, अजून छान दिसते. अमावास्येच्या आजूबाजूला जा.

शिरपूरकर
बरं, फोटोचं मान्य. पण मी वाचलं की आधी चार हात म्हणायचे, मग नासाने दोन काढून टाकले. शास्त्रज्ञांचंच ठरत नसेल तर मुलांनी परीक्षेत काय लिहायचं?

धुळे_भौतिकी
कापले नाहीत, वेगळं मोजलं. १९७६ मध्ये जॉर्जलिन दांपत्याने तापलेल्या वायूच्या ढगांवरून चार हात काढले. २००८ मध्ये स्पिट्झरच्या अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या, धुळीतून पार येणाऱ्या प्रकाशाच्या) मोजणीत रॉबर्ट बेंजामिन यांनी वयस्क ताऱ्यांची गर्दी बघितली, तर ती दोनच हातांवर भरली, ढाल-नरतुरंग आणि ययाती (हातांना ही नावं त्या दिशेच्या तारकासमूहांवरून). पुढे तरुण जड ताऱ्यांची गणती झाली तर पुन्हा चारच.

केळीबाग_रावेर
सर, म्हणजे मोठी झाडं मोजली तर एक नकाशा आणि पिलं मोजली तर दुसरा, असं?

धुळे_भौतिकी
अगदी. वायू आणि पिलं चारही हातांवर, जुनी झाडं मुख्यतः दोनवर. आणि मधोमध ताऱ्यांचा एक लांबट दांडा आहे, हात त्याच्या आसपासून सुटतात. मी वर्गात 'दांडा असलेली सर्पिल दीर्घिका, मुख्य हात दोन ते चार, काय मोजता त्यावर' असंच सांगतो.

साक्री_भाऊसाहेब
'भुजा', 'सर्पिल बाहू', 'हात'... मना मते 'फाटा' हाऊच शब्द बरा शे. हाताला टोक असतं, बोटं असतात. हे तर रस्त्यासारखे निघालेत. आपण मुख्य रस्त्यावर नाही, मृगाच्या फाट्यावर राहतो असं पूर्वी वाचलं होतं. साक्रीकराला हे लगेच पटतं, एसटी फाट्यावरच सोडते.

चाळीसगावची_अनुराधा
भाऊसाहेब, शब्द झकास. पण आपला फाटा आता मोठा झालाय. २०१६ मध्ये नव्या मोजणीत तो २० हजार प्रकाशवर्षांपेक्षा लांब निघाला, म्हणजे बऱ्यापैकी हमरस्ताच. आणि २०२० मध्ये आपल्या आसपासच्या वायूच्या ढगांची नऊ हजार प्रकाशवर्षं लांब लाट सापडली, वर-खाली होत जाणारी. मृगातला तेजोमेघ, म्हणजे उजळलेला वायूचा ढग, त्या लाटेचाच भाग. गायाने अंतरं नीट दिली नसती तर ती कधीच दिसली नसती.

भुसावळ_रेल्वेकॉलनी
माझी एक जुनी अडचण. आतले तारे लवकर फेरी मारतात, बाहेरच्यांना वेळ लागतो. सूर्याला एक फेरी मारायला साधारण बावीस-तेवीस कोटी वर्षं लागतात. निम्म्या अंतरावरचा तारा तेवढ्या वेळात दोन फेऱ्या मारतो, कारण वेग जवळपास सारखाच, सेकंदाला २२०-२३० किलोमीटर. मग हात टिकतात कसे? सूर्य जन्मल्यापासूनच वीस फेऱ्या झाल्या. रहाटावर चऱ्हाट गुंडाळावं तसे ते हात आतापर्यंत गुंडाळून एकजीव व्हायला हवे होते.

धुळे_भौतिकी
भाऊ, या प्रश्नाने मोठमोठ्या लोकांची झोप उडवली होती. बर्टिल लिंडब्लाड यांनी आयुष्य घातलं त्यात. १९६४ मध्ये लिन आणि शू यांनी जे उत्तर मांडलं ते मी मुलांना कन्नड घाटाने समजावतो.

चाळीसगाववरून घाट चढताना एका वळणावर कायम वाहनं तुंबलेली असतात. सकाळी गेलात तरी, संध्याकाळी गेलात तरी. गर्दी तिथेच असते, पण सकाळच्या गाड्या एव्हाना संभाजीनगरला पोहोचलेल्या असतात. मागून नवी गाडी येते, गर्दीत शिरते, हळू होते, निघून जाते. हात म्हणजे ती गर्दी. तो त्याच त्या ताऱ्यांचा बनलेला नाही. दाटीची लाट आहे, ती स्वतःच्या संथ वेगाने फिरते. तारे आणि वायू मागून येऊन तिच्यात शिरतात आणि पुढे निघून जातात. ठरावीक तारे हाताला बांधलेलेच नसल्यामुळे चऱ्हाट गुंडाळायचा प्रश्नच येत नाही.

वायू दाटीत शिरला की दाबला जातो आणि तारे जन्मतात. त्यातले सगळ्यात मोठे, निळे, अतिशय तेजस्वी तारे तीसेक लाख ते एखाद कोटी वर्षांत संपतात. म्हणजे गर्दीतून बाहेर पडायच्या आतच. म्हणून हात उजळ दिसतात. दोन हातांच्या मधली जागा रिकामी नाही, तिथेही तारे भरपूर आहेत, फक्त हे निळे दिवे नाहीत.

भुसावळ_रेल्वेकॉलनी
वीस वर्षांची अडचण सुटली. पण एक शंका, गर्दी कायमची असतेच असं कुठे आहे? कधी ट्रक बंद पडतो, गर्दी होते, तासाने मोकळं होतं.

धुळे_भौतिकी
आणि हाच आजचा वाद आहे! संगणकावर दीर्घिका फिरवून बघणारे अनेकजण म्हणतात की हात एकदा बनून अब्जावधी वर्षं टिकत नाहीत, तुटतात, नवे बनतात. आपल्या आकाशगंगेत नेमकं काय चाललंय यावर एकमत नाही. मी स्वतः लाटेच्या बाजूचा आहे, पण गायाची माहिती बघून तेवढा ठाम राहिलेलो नाही.

चाळीसगावची_अनुराधा
मी दुसऱ्या बाजूची. आपल्या परिसरातले हात तुटक, फांद्या फुटलेले निघतायत. एकसंध मोठ्या लाटेचं ते लक्षण वाटत नाही.

नंदनगरी
पण केंद्राच्या पलीकडची बाजू? तिथलं कोणीच मोजलं नसेल.

चाळीसगावची_अनुराधा
मोजलंय, दादा. हवाईपासून कॅरिबियन बेटांपर्यंत पसरलेल्या दहा रेडिओ डिश एकत्र जोडून. नव्या ताऱ्यांच्या ढगांतून पाण्याचे आणि मिथेनॉलचे रेणू रेडिओत लखलखतात, त्यांचा पराशय मोजायचा, भाऊंची मान हलवायचीच रीत. २०१७ मध्ये थेट केंद्राच्या पलीकडच्या एका जागेचं अंतर आलं, ६६ हजार प्रकाशवर्षं. आपण केंद्रापासून सुमारे २६ हजारांवर आहोत, म्हणजे ती पार दुसऱ्या टोकाला. ढाल-नरतुरंगाचा हात पलीकडे वळून जातो तो तिथेच.

आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत, त्यांनाही हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहर ऐकता येते. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन असतं. मी शाळेची मुलं नेली होती. एका मुलाने डिशच्या जाळीतून आकाश दिसतंय हे बघून विचारलं, "मॅडम, भोकांतून लहर निसटत नाही का?" लहर जाळीच्या भोकांपेक्षा कितीतरी लांब असते, म्हणून नाही. हे त्याला तिथेच समजलं. भाऊ, मुलीला एकदा न्याच.

केळीबाग_रावेर
नेतो ताई, नक्की. पण माझा दुसरा प्रश्न राहिला, उन्हाळ्याचा जाड पट्टा आणि थंडीचा फिका.

धुळे_भौतिकी
राहिलाच. भाऊ, उन्हाळ्याच्या रात्री तुम्ही विंचू-धनूकडे बघता तेव्हा केंद्राकडे, बागेच्या जाड बाजूला बघता. थंडीत मृगाकडे बघता तेव्हा पाठ केंद्राकडे आणि तोंड बांधाकडे. तिकडे आपल्याच हाताचे तारे, मागे ययातीचा हात, त्याच्या पलीकडे विरळ होत बाग संपते. तुम्ही लहानपणापासून बघत आलात तो फरक म्हणजे आपण मध्यावर नाही याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा.

मुलीला एक काम द्या. धनूचे तारे चहाच्या किटलीसारखे दिसतात. किटलीच्या तोटीच्या थोडं वर एक पुसट धुरकट ठिपका आहे, दुर्बीण असेल तर फारच सुंदर. तो लगून तेजोमेघ, चार-पाच हजार प्रकाशवर्षांवर, धनूच्या हातावर. थंडीत शर्मिष्ठा आणि ययाती यांच्या मध्ये असाच एक पुसट जोडठिपका दिसतो, ताऱ्यांचे दोन गुच्छ, साडेसात हजार प्रकाशवर्षांवर, ययातीच्या हातावर. आणि मृगातला तेजोमेघ आपल्याच हातावर, तेराशेच्या आसपास. म्हणजे वर्षभरात बाजेवर पडून तीन हात बघून होतात.

केळीबाग_रावेर
मंडळी, उशिरा लिहितोय. मधे वादळी वाऱ्याने शंभरेक झाडं आडवी झाली, त्यात आठवडा गेला.

काल पुन्हा दोघं बागेवर होतो. दुर्बीण शाळेच्या सरांकडून आणली. सगळा धागा तिला वाचून दाखवला. मान हलवायचं तिला आधी पटेना, मग बॅटरी लावून खोडांवर करून बघितलं. एक डोळा झाकून, डावीकडे एक पाऊल, उजवीकडे एक पाऊल. जवळचं खोड मागच्या ओळीवरून सरकतं ते दिसलं तेव्हा ती जोरात ओरडली, शेजारच्या बागेतला रखवालदार काय झालं म्हणून बघायला आला. मग त्यालाही दाखवलं.

तोटीच्या वरचा धुरकट ठिपका सापडायला अर्धा तास लागला, पण सापडला. चार-पाच हजार वर्षांपूर्वी निघालेला उजेड आहे म्हटल्यावर ती गप्प बसून बघत राहिली, मीपण.

सर, तिचा पुढचा प्रश्न आलाय: सूर्य गर्दीत शिरतो आणि बाहेर पडतो, तर आत्ता आपण शिरतोय की निघतोय?

आज सकाळी तिने पुस्तकातल्या चित्राखाली पेन्सिलने लिहिलंय, "हा फोटो नाही. मोजून काढलेलं चित्र आहे."

धुळे_भौतिकी
तिच्या प्रश्नासाठी मला वेळ द्या. अनुराधाताईंशी पुन्हा भांडावं लागणार.

चाळीसगावची_अनुराधा
मी तयार आहे. अमावास्येला तुमच्याच बागेवर भांडू, भाऊ. रात्रीची वीज कधीपासून आहे ते कळवा.